आप्पांच्या नावाची कमान

"मॅडम, तुम्हाला बाथरूमला जायचंय का?"

हा प्रश्न मी विचारला तेव्हा माझ्या हातात गुलाबांचा गुच्छ होता. समोर स्टेजवर पुण्याहून आलेल्या केळुसकर मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला आमच्या नवयुग क्रीडा मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब खोत आणि दुसऱ्या बाजूला मंडळाचे चिटणीस, म्हणजे माझे पप्पा. माझं काम एवढंच होतं की गुच्छ द्यायचा, नमस्कार करायचा, फोटो निघाला की खाली उतरायचं. बोलायचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं. खाली पहिल्या रांगेत आमची खो-खोची टीम मांडी घालून बसली होती आणि गौतमी कांबळे दोन्ही हातांनी तोंड दाबून धरत होती, कारण पैज तिनंच लावली होती.

मी हळूच विचारलं होतं. पण पप्पांचे कान फार तिखट. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच गुच्छात लपावंसं वाटलं.

तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे आणि स्टेजवर गेले तर मला माइक खाली ठेवा म्हणून सांगावं लागतं. पण तेव्हा मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायची. त्यामुळं पैज लावताना गौतमीला खात्री होती की तिचे नवीन नी-पॅड काही जाणार नाहीत.

ही सगळी भानगड सुरू झाली ती माझ्यामुळंच. आमचं हिंगणमाळ गाव सांगलीपासून एसटीनं तासाभरावर. गावाला दोन गोष्टींचा अभिमान, एक हळद आणि दुसरी खो-खो. मैदान माझ्या आजोबांनी, आप्पांनी, तयार केलं. ते गेल्यापासून पप्पांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मैदानाच्या तोंडाशी आप्पांच्या नावाची कमान उभी करायची. त्यासाठी पप्पांनी साखर कारखान्यापासून खासदारांपर्यंत सगळ्यांकडं अर्ज केले होते. सगळे म्हणायचे, "विचार करून कळवतो." एका पतसंस्थेनं मात्र कळवायच्या ऐवजी थेट देणगीच दिली. भिंतीवरचं घड्याळ. मैदानाला भिंत नाही, म्हणून ते आमच्या स्वयंपाकघरात लावलंय आणि त्यावर चेअरमनसाहेबांचा फोटो आहे. आई त्यांच्या मिशीकडं बघून कुकर बंद करते.

मग एकदा शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला सरांनी 'आपल्या आवडीची माहिती शोधा' म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी मेंदीची डिझाइनं शोधली. मी 'खेड्यातल्या खेळाच्या मंडळांना पैसे कोण देतं' असं टाकलं. त्यात पुण्याच्या एका कंपनीचं फाउंडेशन सापडलं. ते शाळांना, तरुण मंडळांना, क्रीडा मंडळांना मदत करायचं. त्या संध्याकाळी पप्पा आणि मी मोबाईलवर अर्ज भरायला बसलो. पप्पा सांगणार, मी टाइप करणार.

"काय पाहिजे, असं विचारलंय," मी म्हटलं.

"स्वागत कमान. आरसीसी. वर दोन खेळाडूंचे पुतळे."

"पप्पा, कमान कशाला?"

"मंडळाला चेहरा लागतो, प्रांजल. लिही."

"पुढचा प्रश्न आहे, या कामामुळं खेळाडूंच्या खेळात काय फरक पडेल?"

पप्पांनी बराच वेळ छताकडं बघितलं. मग म्हणाले, "उत्साह वाढेल, असं लिही."

मी लिहिलं. आणि सोबत आमच्या टीमचे, सूर मारतानाचे, गुडघे फुटल्याचे फोटो जोडले. त्या फोटोंनी काम केलं असणार, कारण महिन्याभरात फोन आला की केळुसकर मॅडम पाहणीला येतायत. गावात ही बातमी अशी पसरली की कमान जणू बांधून झालीच.

त्याच आठवड्यात आमच्यात दुसरी एक बातमी होती, ती मात्र पसरलेली नव्हती. आमची कॅप्टन सानिया मुल्ला. तिनं खाडे सरांना सांगून टाकलं होतं की जिल्ह्याचे सामने झाले की ती खेळ सोडणार. सानिया खुंटाला वळसा घालते तेव्हा मागची पाठलाग करणारी हमखास तोंडावर पडते. ती गेली की आमची टीम म्हणजे नुसती नऊ पोरींची रांग. खाडे सरांनी उसासा टाकला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "आठवी-नववी आली की पोरी गळतात. क्लास, नाहीतर घरचे." सानियाच्या बाबतीत तर त्यांनी ठरवूनच टाकलं की तिच्या अब्बांनी बंद केलं असणार. ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. आम्हाला कारण माहीत होतं, पण ते सरांना कसं सांगणार?

तर मॅडम आल्या. साधी सुती साडी, पायात बूट, खांद्याला पिशवी. पन्नाशीच्या असतील. त्यांना सरळ मैदान बघायचं होतं. पण आमच्या गावात पाहुणा सरळ कुठंच जाऊ शकत नाही. वेशीवर शहाळं झालं. मग रावसाहेबांच्या घरी ताक. रावसाहेबांकडं घेतलं आणि सरपंचांकडं नको म्हटलं तर सरपंच वर्षभर रुसणार, म्हणून तिथं कॉफी. शाळेत चहा. उपसरपंचांचं रसवंतीगृह वाटेतच, तिथं आलं-लिंबू घातलेला उसाचा रस, आणि तो अर्धा ठेवायचा नसतो.

आम्ही पोरी 'स्वागत पथक' म्हणून दिवसभर त्यांच्या मागं. रसवंतीपाशी गौतमी माझ्या कानात म्हणाली, "बघ गं. बाईंनी आता पायाला पाय लावलाय."

"गप."

"मैदानावर गेल्यावर काय करणार त्या?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं आणि हसायला लागलो. ते हसू कसलं होतं ते फक्त आमच्या टीमलाच कळलं असतं.

"तू विचार त्यांना," गौतमी म्हणाली.

"मी? वेडी आहेस काय?"

"गुच्छ तूच देणार आहेस ना. विचार. दम असेल तर विचार. माझे नी-पॅड तुझे."

"नवीन?"

"नवीन. पण तू काय विचारतीस. तुला साधं 'येस सर' म्हणता येत नाही."

हे मला लागलं. आणि स्टेजवर गेले तेव्हा मॅडमसमोर लिंबू सरबताचा ग्लास होता आणि त्या ग्लासाकडं त्या अशा बघत होत्या की मला त्यांची फार दया आली. नी-पॅड आणि दया, दोन्ही मिळून माझ्या तोंडून तो प्रश्न बाहेर पडला.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग पुढं वाकून, गुच्छ घेता घेता, तितक्याच हळू विचारलं, "कुठे आहे सोय?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही? मग विचारलंस कशाला?"

"पैज लागली होती."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी गुच्छ खाली ठेवला, रावसाहेबांकडं वळल्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रावसाहेब, जरा बाथरूमला जाऊन येते. कुठे आहे?"

रावसाहेब खोतांना मी तोपर्यंत कधी गप्प झालेलं बघितलं नव्हतं. त्यांनी मैदानाच्या मागच्या बांधाकडं बघितलं. बांधाकडं बघून चालणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पप्पांकडं बघितलं. पप्पांनी खाडे सरांकडं. खाडे सरांनी आपल्या शिट्टीकडं.

"शाळेत आहे की," रावसाहेब म्हणाले.

"शाळेला कुलूप लागलंय," खाडे सर म्हणाले.

"गाडीतनं माझ्या घरी..."

"ड्रायव्हर जेवायला गेलाय."

"आमचं घर जवळ आहे," मी म्हटलं. त्या दिवशी माझ्या तोंडाला काय झालं होतं कुणास ठाऊक. "मारुतीच्या देवळामागं. चालत पाच मिनिटं."

"चल," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

आता इथं एक गोष्ट झाली. हलगीवाल्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं की मॅडम खुर्चीवरून उठल्या की लगेच सुरू करायचं, वेळ घालवायचा नाही. ती माणसं कामाला पक्की. मॅडम उठल्या आणि हलगी कडाडली.

पप्पा हातानं थांबा थांबा करत होते. हलगीवाल्यांना वाटलं, जोरात म्हणतायत. त्यांनी जोर लावला. मॅडम स्टेजवरून उतरल्या, मी पुढं, हलगी माझ्याही पुढं, मागं रावसाहेब, कारण अध्यक्षांनी पाहुण्यांना सोडून मागं राहायचं नसतं, त्यांच्या मागं सगळी कमिटी, कमिटीच्या मागं आमची टीम. देवळापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी उठून हात जोडले. एका काकूंनी धावत येऊन मॅडमना कुंकू लावलं. मॅडम नमस्कार करत होत्या आणि भरभर चालत होत्या.

"बरंच दूर आहे गं," त्या मला म्हणाल्या.

"आलंच, मॅडम."

दारात आई. तिच्या हाताला कणीक. तिला वाटलं, माझा काहीतरी पहिला नंबर आलाय.

"आई, मॅडमना बाथरूमला जायचंय," मी म्हटलं. तोपर्यंत मला त्या वाक्याची सवयच झाली होती.

आईनं दोन सेकंदांत परिस्थिती ओळखली. भिजत घातलेली धुण्याची बादली बाहेर ओढली, मॅडमना आत सोडलं, मग दारात येऊन हलगीवाल्यांकडं फक्त बघितलं. हलगी बंद. कमिटी बाहेर कट्ट्यावर बसली. आम्ही तिघी, गौतमी, सानिया आणि मी, स्वयंपाकघरात चेअरमनसाहेबांच्या घड्याळाखाली उभ्या राहिलो आणि हसू नये म्हणून एकमेकींना चिमटे काढत बसलो.

मॅडम बाहेर आल्या. चेहरा एकदम मोकळा. आईनं टॉवेल दिला आणि सवयीनं म्हणाली, "बसा, चहा टाकते."

"नको," मॅडम इतक्या घाईनं म्हणाल्या की आम्ही फुटलोच. मग त्याही हसल्या. खुर्ची दिली तरी खुर्चीवर न बसता आईच्या पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता सांग. पैज काय होती?"

मी सांगितली. गौतमी माझ्या मागं लपत होती.

"पण हसत होतात कशाला?"

"तुम्हाला आज कळलं म्हणून," गौतमी मागनं म्हणाली.

"काय कळलं?"

गौतमी पुन्हा माझ्या मागं झाली.

"तुम्ही सरावाला किती वेळ असता मैदानावर?"

"शाळा सुटली की थेट. दिवस कलेपर्यंत," मी म्हटलं.

"आणि शाळेला कुलूप."

"हो."

"मग तुम्ही कुठे जाता?"

"जात नाही," मी म्हटलं.

"जात नाही म्हणजे?"

"म्हणजे मॅडम, मधेच घरी जाते म्हटलं की सर कारण विचारतात. म्हणून आम्ही मधल्या सुट्टीनंतर पाणीच पीत नाही," गौतमी म्हणाली. आमची एखादी खास चाल समजावून सांगावी तशी. "घोटसुद्धा नाही. म्हणजे मग प्रश्नच येत नाही. पहिल्या पहिल्यांदा चक्कर येते. मग सवय होते."

आईचे हात परातीत थांबले.

"म्हणून तुझी बाटली रोज भरलेली परत येते," ती म्हणाली. मला म्हणाली, पण माझ्याकडं न बघता. "आणि मी रोज ओरडते तुला."

मी म्हटलं, "कधी कधी अर्धी आणते की."

मॅडमनी सानियाकडं बघितलं. ती दाराला टेकून उभी होती. "तू कॅप्टन ना? फोटोत सगळ्यात उंच सूर मारलेली तू."

"अजून दोन आठवडे," सानिया म्हणाली. "मग सोडणार."

"घरून नको म्हणतात?"

"अब्बा?" सानियाला हसू आलं. "अब्बा पंक्चरचं दुकान बंद करून मॅच बघायला येतात. गिऱ्हाईक सोडून. मी सोडते म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मीच सोडतेय."

"का?"

सानियानं एकदा बाहेरच्या कट्ट्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "महिन्यातले ते चार दिवस मी काय करू, मॅडम? बदलायला जागा नाही. मागच्या वेळी पोटात दुखतंय म्हणून कडेला बसून राहिले. सर म्हणाले, कॅप्टननं असं नाजूक असून चालत नाही. प्रत्येक महिन्याला काय सांगू त्यांना?"

"खरं का नाही सांगितलंस?"

"खाडे सरांना?" आम्ही तिघी एकदमच म्हणालो.

मॅडम उठल्या, आईचा हात कणकेसकट हातात घेतला, आणि म्हणाल्या, "चला मैदानावर. पण त्या हलगीला जरा सांगा."

हलगीला कुणी सांगू शकलं नाही. परतीची मिरवणूकही वाजतगाजत गेली.

स्टेजवर मॅडम फार कमी बोलल्या. "कमानीसाठी मी शिफारस करणार नाही. पण मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली, पाण्याच्या टाकीसकट, असा अर्ज तुम्ही आठ दिवसांत पाठवलात, तर तो मी स्वतः पुढे नेईन."

टाळ्या वाजल्या नाहीत. रावसाहेब म्हणाले, "म्हंजे संडास?"

"हो."

"मॅडम, तसं न्हाई. आमच्या सभेत ठराव झालाय. जे काही बांधकाम हुईल त्याला कैलासवासी आप्पासाहेब मगदूम यांचं नाव द्यायचं. एकमतानं झालाय."

"मग द्या की नाव."

सगळे पप्पांकडं बघायला लागले. पप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "विचार करून कळवतो." इतकी वर्षं सगळ्यांनी त्यांना ऐकवलेलं वाक्य त्यांच्याच तोंडून आलं, हे त्यांनाही कळलं असावं, कारण ते लगेच खाली बसले.

त्या दिवशी जेवताना पप्पा बोलत नव्हते. आम्ही जैन, आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण असतं, त्यामुळं खिडकीतून ऊन थेट ताटात येतं आणि कुणाचा चेहरा लपत नाही.

"तुला गुच्छ द्यायला सांगितलं होतं," शेवटी ते म्हणाले.

"दिला की."

"आप्पांनी त्या माळावरचे दगड स्वतः वेचले. बैल लावून माती आणली. आणि त्यांचं नाव आम्ही कशावर घालायचं? लोकं काय म्हणतील? म्हणतील, जरा थांब, आप्पांकडं जाऊन येतो."

मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला होता. मला ठसकाच लागला. मी हसतेय हे पप्पांना दिसलं आणि ते आणखी चिडले. मी आईकडं बघितलं, ती मला दटावेल म्हणून. आई वाढता वाढता थांबली होती.

"मी खेळायची, माहीत आहे ना तुम्हाला?" ती पप्पांना म्हणाली.

"माहीत आहे. आप्पांनी तुला बघितलेलं, तालुक्याच्या सामन्यात."

मलाही ही गोष्ट तोंडपाठ होती. आईचं स्थळ आलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, ही पोरगी? हिला मी पळताना बघितलंय, दुसरं काही बघायची गरज नाही. गावात सगळ्यांना सांगायचे ते ही गोष्ट.

"लग्न झाल्यावर एकदा मामंजींनी मला विचारलं," आई म्हणाली. "म्हणाले, पद्मजा, तू नववीत एकदम दिसेनाशी झालीस. मी दोन वर्षं तुझ्या शाळेच्या टीममधे तुला शोधत होतो. का सोडलंस? मी म्हटलं, शिवणाचा क्लास लावला होता."

"मग?"

"मी कधी शिवणाच्या क्लासला गेले नाही." आईनं पातेलं खाली ठेवलं. "सासऱ्यांना काय सांगणार होते मी. ते वाईट वाटून म्हणाले, शिवण काय नंतरही शिकता आलं असतं, पोरी."

पप्पा आईकडं बघत राहिले. मीही. आईच्या पायावर खुंटाच्या घर्षणाची एक जुनी खूण आहे, ती मी लहानपणापासून बघत आलेय. पण ती खूण जिची होती, त्या मुलीचा मी कधी विचारच केला नव्हता. ती बहुतेक आमच्यासारखीच मधल्या सुट्टीनंतर बाटलीकडं न बघता बसत असणार.

पप्पा जेवण अर्धं टाकून उठले आणि चपला घालून बाहेर गेले. मैदानाकडं गेले असं नंतर कळलं. खाडे सरांनी त्यांना रिकाम्या मैदानाला चकरा मारताना बघितलं. परत आले तेव्हा दिवे लागले होते.

"प्रांजल, मोबाईल घे," ते म्हणाले. "अर्ज लिहायचाय."

मी बसले. पप्पा सांगत होते, मी टाइप करत होते. दोन स्वच्छतागृहं, एक खोली, आतून कडी, पाण्याची टाकी. मग तो प्रश्न आला.

"या कामामुळं खेळाडूंच्या खेळात काय फरक पडेल?" मी वाचलं.

पप्पांनी छताकडं बघितलं. मग मान वळवून आईला म्हणाले, "तू सांग."

आई भांडी पुसत होती. तिनं जरा विचार केला.

"पोरी पाणी पितील, असं लिही."

मी तेवढंच लिहिलं आणि पाठवलं.

मंजुरी आली, पण इमारत उभी राहायला पुढचा हिवाळा उजाडला. तोपर्यंत आमच्या घराचं बाथरूम टीमचं झालं. सरावाच्या मधे दोघी-दोघी पळत यायच्या आणि आई दाराला कडी घालतच नव्हती. सानिया थांबली. "बांधून झालं नाही तर तुमच्याकडंच राहायला येते," असं तिनं आईला बजावून ठेवलं. जिल्ह्यात आम्ही उपांत्य फेरीत हरलो, पण तिनं मारलेल्या एका सुराबद्दल तिचे अब्बा, बशीरचाचा, अजून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. गौतमीचे नी-पॅड मी दोन महिने वापरले, मग परत दिले. फार घट्ट होते.

आणि मग पाटी लागली. 'कै. आप्पासाहेब मगदूम महिला खेळाडू कक्ष'. अक्षरं पप्पांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतली, सोनेरी. आता फक्त उद्घाटन राहिलं होतं, आणि तिथं गाडी अडली. आमच्याकडं पाहुण्याशिवाय आणि फितीशिवाय साधा हापसाही चालू होत नाही. आमदारांच्या पीएनं विचारलं, नेमकं काय आहे, आणि ऐकल्यावर म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत. सरपंचांच्या घरी लग्न निघालं. रावसाहेबांचे गुडघे दुखायला लागले. केळुसकर मॅडमना बोलावलं, तर त्यांनी फोनवर हसत विचारलं, "आधी सांगा, वाटेत किती ठिकाणी थांबायचंय?" आणि मग म्हणाल्या की त्यांची खरंच त्या दिवशी दुसरीकडं पाहणी आहे, पण उद्घाटन थांबवू नका.

इमारत तयार, कुलूप लावलेलं, आणि आम्ही अजून आमच्या घरी पळतोय. असे आठ-दहा दिवस गेले. एका संध्याकाळी जेवताना पप्पा पुन्हा नावं मोजत होते. कृषी अधिकारी? दूध संघाचे संचालक? निवृत्त तलाठी?

"तलाठी येतील बहुतेक," पप्पा म्हणाले. "त्यांना कुणी बोलवत नाही."

मी ताटावरून उठले. खरं म्हणजे जेवण झालेलं नव्हतं, पण उभं राहून बोलावंसं वाटलं.

"पप्पा, आई, माझं ठरलंय," मी म्हटलं. "तलाठी नकोत. कुणीच नको. किल्ली माझ्याकडं द्या. उद्घाटन उद्या संध्याकाळी आहे आणि ते आम्ही करणार, अख्खी टीम. फीत नाही, नारळ नाही, हलगी पाहिजे तर असू दे. उद्या मधल्या सुट्टीनंतर आम्ही सगळ्याजणी पोट तट्ट होईपर्यंत पाणी पिणार आहोत. आणि आई, तूपण दुपारपासून पी. भरपूर पी. पहिली तू जाणार आहेस."